संगमेश्वर कुठे गेलं?

श्रोते हो, नमस्कार.

२००९ सालचा ऑक्टोबर. विधानसभेचं मतदान होतं. माझे मामा देवरुखजवळच्या एका वाडीत राहायचे, सत्तरी ओलांडलेली. मत देऊन घरी आले आणि मला फोन केला. "काय रे, आपलं संगमेश्वर कुठे गेलं?"

संगमेश्वर तालुका होता तिथेच होता. शास्त्री नदी होती, देवरुखची कचेरी होती. नाहीसा झाला होता तो संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघ. तालुक्यातला मोठा भाग चिपळूणला जोडला गेला होता. मामांनी आयुष्यभर ज्या नावाच्या मतदारसंघात शिक्का मारला, ते नाव यादीतच नव्हतं. आणि हे नाव कुणी काढलं, कधी काढलं, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. आज मी त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो आहे. जरा उशीर झाला, मामा आता नाहीत.

सरकारी भाषेत याला मतदारसंघांची पुनर्रचना म्हणतात. हल्ली परिसीमन हा शब्दही कानावर पडतो. गावात मात्र सगळे 'डिलिमिटेशन'च म्हणतात, तेही निम्मं गिळून. राज्यघटनेचं ८२वं कलम सांगतं, की प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या जागांची वाटणी नव्याने करायची. त्यासाठी संसद कायदा करते आणि आयोग नेमला जातो. मामांचं संगमेश्वर ज्या आयोगाने पुसलं, तो २००२ च्या कायद्याखालचा. अध्यक्ष होते न्यायमूर्ती कुलदीप सिंग. त्यांच्या जोडीला निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातले ५ खासदार आणि ५ आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. फार तर आपली नाराजी लिहून देता येते.

या आयोगाचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाला. असा आदेश संसदेच्या पटलावर ठेवतात खरा, पण त्यातला काना-मात्राही संसदेला बदलता येत नाही. कोर्टातही सहसा दाद लागत नाही. उज्जैनच्या मतदारसंघावरून मेघराज कोठारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९६६ साली न्यायालयाने सांगितलं, राजपत्रात छापला की आदेश हाच कायदा. एका अर्थी बरंच आहे म्हणा. नाहीतर प्रत्येक महसूल मंडळासाठी, म्हणजे सर्कलसाठी, एकेक खटला उभा राहिला असता आणि निवडणूक व्हायचीच राहिली असती.

आता संगमेश्वर का गेलं, ते पाहू. कागद-पेन्सिल घेतलीत तरी चालेल, गणित शाळेतलंच आहे.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ९ कोटी ६९ लाख. विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की एका आमदारामागे आली साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १७ लाख. भागून पाहा, ५ येतात. जिल्ह्यात तोवर आमदार होते ७. म्हणून दोन गेले, संगमेश्वर आणि खेड. सिंधुदुर्गात पावणेनऊ लाखांच्या आसपास माणसं, तिथे ४ चे ३ झाले. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा? ८१ लाख. त्याचे १३ चे २४ झाले! मुंबई शहर जिल्ह्यात १७ चे १० उरले, उपनगरात १७ चे २६ झाले. गिरणगाव रिकामा होत गेला आणि माणसं दहिसर-मुलुंडकडे सरकली, त्याची ही नोंद.

म्हणजे आयोगाच्या मनात संगमेश्वराविषयी काही वाकडं नव्हतं. संगमेश्वरची माणसं डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, दिव्याला गेली आणि जाताना प्रत्येकाने आमदाराचा एकेक तुकडा पिशवीत घालून नेला. चाकरमानी गावाला मनीऑर्डर पाठवत होते, मतदारसंघ मात्र आपल्याबरोबर घेऊन चालले होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही वाटणी मतदारयादीवरून होत नाही, जनगणनेवरून होते. यादीत नाव गावी ठेवलं, मताला गाडी करून गावी आलात, तरी गावाची जागा वाचत नाही. मोजणीदाराने तुम्हाला डोंबिवलीच्या चाळीत मोजलं, की तुम्ही डोंबिवलीचे. शिवाय जनगणनेत तान्हं मूलही मोजतात. गावात उरले म्हातारे, पोरंबाळं वाढली ठाण्यात.

लोकसभेचं गणित आणखी गमतीचं. महाराष्ट्रात खासदार ४८, आणि एका खासदाराखाली विधानसभेचे बरोबर ६ मतदारसंघ. सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस पाठ असलेल्यांना सांगतो, अठ्ठेचाळीस सक दोनशे अठ्ठ्याऐंशी. आमदाराचा मतदारसंघ मधून कापून दोन खासदारांत वाटायचा नाही, असा नेम. आता रत्नागिरीचे ५ आणि सिंधुदुर्गाचे ३ मिळून झाले ८. त्यातले ६ घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा मतदारसंघ झाला. उरले दोन, दापोली आणि गुहागर. ते ढकलले रायगडात. रायगड जिल्ह्याचे ७, त्यातले पनवेल, कर्जत, उरण गेले मावळला. राहिलेल्या चारांत हे दोन घातले, झाले ६. आणि मावळचं काय? तीन आमदार घाटाखालचे, तीन घाटावरचे - मावळ, चिंचवड, पिंपरी. बोरघाटच मतदारसंघाच्या मधून जातो. उरणच्या कोळीवाड्याचा आणि पिंपरीच्या कारखान्यातल्या कामगाराचा खासदार एक. भूगोल जुळता असावा, असं कायदा सांगतो. नकाशावर तो जुळतोही. भाषणात दोघांना एकाच वेळी काय सांगायचं, हा उमेदवाराचा प्रश्न.

या खटाटोपात लोकसभेचं राजापूर गेलं. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्राध्यापक मधु दंडवते यांचं राजापूर. दिल्लीत हे नाव घेतलं की माणसं कान टवकारत, असा तो मतदारसंघ. त्याच वेळी कराड गेलं, पंढरपूर गेलं, इचलकरंजी, पुणे जिल्ह्यातलं खेड, एरंडोल, कोपरगाव गेली. माढा, शिर्डी, हातकणंगले, शिरूर, दिंडोरी, रावेर ही नवी नावं आली. राखीव जागाही हलल्या. पंढरपूर, बुलढाणा आणि उस्मानाबाद या अनुसूचित जातींसाठीच्या ३ जागा होत्या. त्या ५ झाल्या, तेही पूर्ण वेगळ्या ठिकाणी: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. बुलढाण्याचे मुकुल वासनिक २००९ मध्ये रामटेकला गेले आणि निवडून आले. पंढरपूरचे रामदास आठवले शिर्डीला गेले आणि हरले. रेषा हलली की पुढाऱ्यांना बिऱ्हाड हलवावं लागतं, त्याचं मला फारसं दुःख नाही. मतदाराला बिऱ्हाड न हलवता परगावचं व्हावं लागतं, ते जास्त खुपतं.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. संगमेश्वर २००८ मध्ये गेलं, कारण ते त्याआधी तीस वर्षं जाऊ दिलं नाही. १९७१ च्या जनगणनेनंतर रेषा आखल्या गेल्या आणि १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काम गोठवलं. तेही २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. दर दहा वर्षांनी हिशेब झाला असता तर रत्नागिरीची एखादी जागा आधी गेली असती, एखादी नंतर; ठाण्याला चार-चार करून मिळाल्या असत्या. लोकांना सवय झाली असती. आम्ही तीन दशकांची उधारी साठवली आणि एका सकाळी वसूल केली.

हाच पेच आता साऱ्या देशापुढे आहे. गोठवण्यामागे कारण होतं. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्याने त्यापायी खासदार गमवावेत, हे बरोबर नव्हे. म्हणून कुठल्या राज्याला किती खासदार, हा आकडा १९७१ वरच थांबला. २००८ ला रेषा हलल्या त्या राज्यांच्या आतल्या आत. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने हा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलला. २०२३ ची महिला आरक्षणाची, म्हणजे १०६वी दुरुस्तीही पुनर्रचनेच्याच खुंटीला बांधली गेली.

१९७१ मध्ये केरळात एका खासदारामागे होते साधारण १०.७ लाख लोक. तामिळनाडूत १०.६, महाराष्ट्रात १०.५, उत्तर प्रदेशात १०.४. पाहा, तराजू किती सरळ होता. २०११ ची जनगणना घेतली तर केरळात १६.७ लाख, तामिळनाडूत १८.५, महाराष्ट्रात २३.४, उत्तर प्रदेशात २५, राजस्थानात २७ च्या वर. म्हणजे राजस्थानातल्या माणसाचं मत केरळातल्यापेक्षा बरंच हलकं. (गोव्याच्या मंडळींनी यात पडू नये, १४.५८ लाख लोक आणि खासदार दोन.) ५४३ जागा तेवढ्याच ठेवून २०११ च्या आकड्यांनी वाटल्या, तर माझ्या हिशेबाने केरळच्या २० च्या १५ होतात, तामिळनाडूच्या ३९ च्या ३२. उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या घरात जातो. महाराष्ट्र ४८ वरून पन्नाशीला टेकतो. आपण मधले. आपल्याला ना फार मिळायचं, ना फार जायचं, म्हणून कदाचित आपल्याकडे याची चर्चाही बेताचीच.

केरळची भीती मला कळते, कारण ती मी कोकणात पाहिली आहे. तरी दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. संगमेश्वरची माणसं ठाण्यात गेली, तिथे त्यांना आमदार मिळाला. वजन माणसाबरोबर गेलं. केरळची न जन्मलेली मुलं उत्तर प्रदेशात गेलेली नाहीत. तिथे घर लहान ठेवलं म्हणून आवाज लहान होतो, आणि त्याला 'माणूस तितकं मत' एवढंच उत्तर पुरत नाही. पण राजस्थानातल्या बाईने अर्ध्या-पाऊण मतावर आणखी किती दशकं भागवायचं, याला 'गोठवा' हेही उत्तर नाही. माझं मत विचाराल, तर राज्याराज्यांतलं भांडण संसदेत व्हायचं तसं होऊ द्यावं, पण राज्याच्या आतल्या रेषा दर जनगणनेनंतर, न चुकता, हलवाव्यात. थोड्या थोड्या. पुन्हा तीस वर्षांची उधारी नको.

नवीन मसुदा निघाला, की तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापून येतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावण्या होतात. त्या सुनावण्यांना पुढारी झुंडीने येतात. तुम्हीही जा. मसुद्यात तालुक्याचं नाव शोधत बसू नका, आपलं महसूल मंडळ शोधा, कारण तालुका तुटतो तो सर्कलच्या सीमेवर. कधी कधी वाडी एकीकडे आणि तिची बाजारपेठ दुसरीकडे पडते, आणि ते दिल्लीतल्या टेबलावर दिसत नाही. ते सांगायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ अशी अधिसूचना निघाली आहे. मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत होईल, तेव्हा आमच्या वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद असणार. मोजणीदार कुलूप पाहून पुढे जाईल. मग तीन आठवड्यांनी शिमगा. तेव्हा विरार, दिवा, कल्याणहून गाड्या भरभरून येतील, कुलपं निघतील, पालखी नाचवायला एवढी माणसं होतील की खांद्याला खांदा मिळायचा नाही.

नमस्कार.