तोंडं काढायची राहिली का?

प्रोजेक्टर लागतोय तोवर एक गोष्ट सांगतो, विषयाशी संबंध आहे, कळेल. इंटरमिजिएटची ड्रॉइंगची परीक्षा इथे किती जणांनी दिलीय? वा, निम्मे हात वर. म्हणजे मेमरी ड्रॉइंग माहितीय, बाजार, जत्रा, बसस्टॉप, आणि माणसं हवीतच. सरावाला मी बसस्टॉप घेतला. ऑफिसं सुटलेली, ही लांब लाइन. बस झकास काढली, नंबरसकट, आणि माणसांच्या तोंडांच्या जागी नुसते फिकट पिवळे ठिपके दिले, कारण मला खरंच तसंच दिसलं होतं, घरी पोचल्यावर आठवून बघा बरं लाइनीतल्या एकाचं तरी नाक. सरांनी कागद उचलून अख्ख्या वर्गाला दाखवला, म्हणाले, ‘बसला नंबर आहे, माणसांना तोंडं नाहीत, हा काय भुतांचा डेपो आहे?’ वर्ग हसला, मीपण हसलो, काय करणार. लाल पेननं ‘अपूर्ण’ लिहिलं. आई म्हणाली, डोळे काढून टाक की, किती वेळ लागतो. काढले. भुवया, पापण्या, सगळं शिस्तीत. बावीस माणसं आणि बावीसच्या बावीस माझ्याकडे बघतायत, बसकडे एक नाही. चित्र पूर्ण झालं आणि मेलं. परीक्षेत सी ग्रेड. हे मी चाळीस वर्षं उगाळतोय असं बायको म्हणते, आज ती आलेली नाही म्हणून परत सांगितलं.

लागला का? हं. एडवर्ड मुंक, नॉर्वेचा चित्रकार, ‘किंकाळी’वाला, पण हे त्याच्या आदल्या वर्षीचं, 1892 चं ऑइल. ‘कार्ल योहान रस्त्यावरची संध्याकाळ’. गाव क्रिस्टियानिया, म्हणजे आत्ताचं ऑस्लो, चित्र मात्र बेर्गेनला आहे. एक्स्प्रेशनिझम, म्हणजे दिसतं तसं नाही तर आत वाटतं तसं रंगवणं, हा शब्द तेव्हा आला नव्हता हे मला माहितीय, मागच्या रांगेतून बोट वर झालंच आहे, चहाच्या वेळी भांडू.

‘अपूर्ण’ हा शेरा ह्यालाही आयुष्यभर मिळाला. 1886 ला ‘आजारी मुलगी’ लावलं तर लोक हसले, अर्धवट काम म्हणाले, खरं तर त्यावर त्यानं वर्षभर रंग लावून, खरवडून, परत लावून जीव काढला होता, आणि प्रदर्शनात नाव दिलं ‘स्टडी’. 1892 ला बर्लिनच्या कलाकार मंडळींनी स्वतः आमंत्रण देऊन बोलावलं आणि आठवड्याभरात मतदान घेऊन प्रदर्शन बंद केलं. आमंत्रण देऊन अपमान करायची कला आपलीच आहे असं मला वाटायचं. पुढे हा बाबा आपली पेंटिंगं पावसाबर्फात उघड्यावर ठेवायचा, त्याबद्दल फार मजेदार… चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

पटकन बघा. मागे पार्लमेंट, खिडक्यांत पिवळा उजेड, निळसर संध्याकाळ, आणि उंच टोप्या घालून गर्दी आपल्या अंगावर येतेय. तोंडं फिकट, डोळे टक्क उघडे, बाकी नाकतोंड जेमतेम. पुढची माणसं फ्रेमनं छातीतच कापलीत. आता ह्याला घाई होती म्हणायचं का? ह्याच रस्त्याचं 1890 चं ह्याचंच चित्र आहे, वसंतातलं ऊन, ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं, बाईची लाल छत्री, सगळं गोड. म्हणजे गोड करायला हात येत होता. इथे त्यानं ब्रश कुठे थांबवलाय ते बघा. गर्दीत आपण एकेकाचं तोंड बघायला थांबत नाही, आपल्याला फक्त एवढंच कळतं की सगळे आपल्याकडे बघतायत. जेवढं कळतं तेवढंच रंगवलं. माझ्या बसस्टॉपवरचे डोळे आईनं काढायला लावलेले, ह्याचे डोळे रस्त्यानं काढायला लावलेत, हा फरक नीट सांगायला मला अर्धा तास हवा होता, तो सरांनी खाल्ला.

आणि उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध, तो एकटा, काळ्या सावलीसारखा माणूस, गर्दीच्या उलट चाललाय. तो म्हणजे मुंक स्वतः, असं बरेच जण मानतात. आपल्याकडे पाठ आहे त्याची. तोंड काढायचा प्रश्नच नाही, त्याला तरी आमच्या सरांनी पास केलं असतं.