गाडी कंपनीची, डेंट कोणाच्या नावावर?

पहाट. उजेड अजून नीट झालेला नाही. ड्रायव्हरच्या हातात व्हॅनची चावी पडते आणि फोनवर कंपनीच्या ॲपमध्ये प्रश्न येतो, 'गाडी ठीक आहे?' 'होय' दाबलं की निघायची मुभा. पण त्या एका 'होय'मुळे गाडीवरचे जुने ओरखडेही त्याच्या नावावर चढू शकतात.

हा ड्रायव्हर पगारी नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. पगारातून नुकसानभरपाई कापायला अनेक देशांच्या कायद्यांत बंधनं आहेत. याच्यासाठी मात्र बहुतेक सगळं ठरतं करारातल्या कलमावर. हे पान बघा. एका करारात लिहिलंय, 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान'. दुसऱ्यात, 'गाडी चालकाच्या ताब्यात असताना झालेले नुकसान'. या दुसऱ्या कलमाखाली, उभ्या गाडीला कोणी ठोकून पळालं तरी वसुली याच्याकडूनच.

आता 'होय' दाबण्यापूर्वीची गाडीची पाहणी सावकाश बघू. आधी चारही कोपऱ्यांवरून फोटो, नंबरप्लेट दिसेल असे. ओल्या पत्र्यावर ओरखडे लपतात, म्हणून फडकं मारायचं. मग जवळून बंपरचे कोपरे, आरशांची कव्हरं, सरकत्या दाराखालचा पत्रा. समोरून काढलेल्या फोटोत डेंट हरवतो. टॉर्च पत्र्यालगत आडवा धरला, की बघा, खोलगट भागात सावली पडली. ओरखड्याशेजारी नाणं ठेवलं की लांबीचा अंदाज येतो. टायरच्या साइडवॉलवरून, म्हणजे बाजूच्या भागावरून, हात फिरवायचा. तिथे फुगा लागला तर आतले धागे तुटलेत, आणि तो धक्का आधीच्या कुणाच्या फेरीत बसलेला असू शकतो. काचेवर दगड लागून ताऱ्यासारखी बारीक खूण पडली असेल तर तीही टिपायची. आज रेझिन भरून भागेल, तडा पसरला तर पूर्ण काच बदलावी लागेल. शेवटी डॅशबोर्ड: किलोमीटर, इंधन, पेटलेले दिवे.

हे फोटो निघण्यापूर्वीच कंपनीला लेखी पाठवायचे, आणि मूळ प्रती स्वतःच्या फोनमध्ये ठेवायच्या. कंपनीचं काम सुटलं की ॲपही बंद होऊ शकतं, त्यातले फोटो मग हाती लागत नाहीत. गाडी परत करताना हीच पाहणी पुन्हा. हे राहून जातं. रात्री यार्डात गाडी दुसऱ्याच कुणी हलवली, तर दाखवायला काही उरत नाही.

पैसे कापल्याचा कागद आला, की गॅरेजचं बिल मागायचं. कोटेशन म्हणजे बिल नव्हे. कंपनीनं विम्याचा दावा केला आणि तो मंजूर झाला असेल, तर दुरुस्तीसाठी तिच्या खिशातून सहसा विम्यातला स्वतः भरायचा हिस्साच गेलेला असतो. मग पूर्ण खर्च ड्रायव्हरकडून कशासाठी? रोजच्या वापरानं झिजलेली क्लच प्लेट, ब्रेक पॅड हे नुकसान नाही, ही झीज आहे. अर्धा झिजलेला टायर फुटला, तर नव्या टायरची पूर्ण किंमत मागणंही रास्त नाही.

वजावट मात्र हे सगळं विचारण्याआधीच होते, आणि त्या आठवड्यात ड्रायव्हरचा कर्जाचा हप्ता चुकू शकतो.

ही तीच व्हॅन, काही दिवसांनी. पैसे कापले गेले, डेंट तसाच आहे. टॉर्च लावून त्याचा फोटो काढणारा ड्रायव्हर आज दुसरा आहे.