अळूवडीत आलू कुठंय?

नमस्कार मंडळी,

मघाशी जेवणाच्या रांगेत एका चिमुरडीनं ताटातली अळूवडी उलटीपालटी करून आईला विचारलं, "यात आलू कुठंय?" सगळे हसले. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. तिचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून आज त्याच्यावरच बोलतो.

संस्कृतात आलु किंवा आलुक म्हणजे खाण्याजोगा कंद. दोन स्वरांमधल्या 'ल'चा मराठीत बहुधा 'ळ' होतो: फल-फळ, कमल-कमळ. तसंच आलुचं अळू झालं. आपण वड्या आणि फदफदं करतो पानांचं, पण नाव आहे कंदाचं. हिंदीत तेच नाव परदेशातून आलेल्या बटाट्याला चिकटलं. म्हणजे अळू आणि आलू सख्खी भावंडं, आणि त्या पोरीनं ती बरोबर ओळखली!

आपला बटाटा मात्र फार दुरून आला. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत 'बताता' म्हणजे रताळं. खऱ्या बटाट्याला अँडीज पर्वतातले केचुआ भाषक 'पापा' म्हणत. स्पॅनिशमधलं 'पताता' ही या दोन नावांची सरमिसळ. पोर्तुगीजमध्ये 'बताता' बटाट्यावर स्थिरावलं आणि त्यांच्याच गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलं. रताळंही अमेरिकेतलंच, पण त्याला आपण रक्तालु, म्हणजे तांबडा कंद, हे जुनं नाव देऊन घरचं करून टाकलं. आषाढीचा रताळ्याचा कीस आणि उपासाची बटाट्याची भाजी, दोन्ही कंद अमेरिकेचे.

आता फसगत कुठे होते पाहा. जर्दाळूतही 'ळू' आहे, पण तो या घरातला नाही. फारसीत आलू म्हणजे आलुबुखारासारखं फळ आणि जर्द म्हणजे पिवळं. नुसत्या कानावर विसंबलं की असं होतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. त्यात शब्द संस्कृत की फारसी, याच्या खुणा नोंदीतच असतात. मुलांना शेजारी बसवून शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक तक्रार करतो, राग मानू नका. घरी आपणच आलूपराठा, आलूगोबी म्हणायचं आणि पोरांनी अळूत आलू शोधला की हसायचं, हे बरं नव्हे. आज टेबलावरच्या पाट्यासुद्धा इंग्रजीत होत्या, अळूवडीचीही. बटाटा हा शब्द महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या इथल्या मुलांच्या कानावर दुकानात पडत नाही, शाळेत पडत नाही. आपल्या स्वयंपाकघरातूनही तो गेला, तर वडा सोडून त्याला जागा कुठे उरणार?