खंड्याच्या रक्तातला परोपजीवी आणि डॉ. फ्रॉयलानो

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे, ‘डॉ. फ्रॉयलानो द मेलो : जीवन आणि कार्य’. ते मी सांगणारच आहे, पण आधी मला खंड्याविषयी बोलू द्या.

खंड्या तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. शेताच्या बांधावर, वीजेच्या तारेवर बसलेला असतो. त्याच्या रक्तात हिवतापाच्या जंतूच्या जातकुळीतला एक परोपजीवी राहतो. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसतं. हा परोपजीवी त्या केंद्रकाला मिठी मारल्यासारखा वाकून बसतो. त्याचं शास्त्रीय नाव हीमोप्रोटियस हॅल्सिओनिस. प्राणिशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे पूर्ण लिहायचं झालं तर पुढे येतं ‘द मेलो, 1935’. ज्याने पहिल्यांदा वर्णन केलं त्याचं नाव आणि साल. भारद्वाजाच्या रक्तातल्या परोपजीवीच्या नावापुढेही तेच, द मेलो. नीळकंठाच्या बाबतीत ‘द मेलो आणि अफोन्सो’ अशी दोन नावं येतात. लंडनमध्ये असो की टोकियोत, पक्ष्यांच्या हिवतापावर काम करणाऱ्याला या माणसाचं नाव टाइप करावंच लागतं. आणि आपल्या गोव्यात, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना विचारा, हे कोण? मी विचारून बघितलं आहे. एखाद-दुसऱ्याने रस्त्याचं नाव असेल म्हणून सांगितलं.

बाणावलीत 1887 साली जन्मलेला हा माणूस. पणजीच्या एस्कोला मेदिकात, म्हणजे 1842 साली सुरू झालेल्या आपल्या जुन्या वैद्यकीय शाळेत शिकला, पुढे तिथेच प्राध्यापक झाला, संचालक झाला. मांडवीकाठची ती इमारत आज तुम्ही चित्रपट महोत्सवाला जाता तेव्हा बघता. पक्ष्यांवरचे ते निबंध मात्र फक्त पोर्तुगीजांपुरते राहिले नाहीत. रामन यांनी 1934 साली बंगळूरला विज्ञान अकादमी काढली आणि तिच्या कार्यवृत्तात पुढच्याच वर्षी, 1935 साली, पोर्तुगीज गोव्यातल्या या प्राध्यापकाचा पक्ष्यांच्या रक्तावरचा निबंध इंग्रजीत छापून आला. सरहद्द मध्ये होती, पण काम तिच्यापलीकडे पोचलं.

आता माझी तक्रार. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक हुशार मुलगी आली. तिला आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या रक्तात हेच परोपजीवी शोधायचे होते. द मेलोंनी पाहिलेले आजही आहेत का, किती आहेत, नवे कोणते. तिचा प्रस्ताव मी एका समितीपुढे ठेवला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “हा विषय फारच स्थानिक आहे. माणसाला याचा उपयोग काय?” बाकीच्यांनी माना हलवल्या. प्रस्ताव परत आला. ती मुलगी आज एका औषध कंपनीत कागद तपासते. कामात ती चोख आहे, यात शंका नाही, पण तिच्या डोळ्यांना सूक्ष्मदर्शकाची ओढ होती.

माणसाला उपयोग काय? हिवतापाचा शोध घेणारा ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस 1898 साली कलकत्त्यात होता. प्लेगच्या भीतीने लोक बोटाला सुई टोचू देईनात, म्हणून तो पक्ष्यांकडे वळला. चिमण्यांवर काम करूनच त्याने दाखवलं की हिवतापाचा जंतू डासाच्या लाळग्रंथीतून निरोगी प्राण्याच्या अंगात जातो. माणसाच्या रोगाची वाट चिमणीने दाखवली! समितीत हे मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

आणि वाळवी! मागच्या रांगेत हसू आलं, म्हणजे तिकडच्या घरांत आहे वाटतं. वाळवीच्या काही जातींना लाकूड स्वतःला पचत नाही. त्यांच्या आतड्यात सूक्ष्म, एकपेशीय आदिजीव असतात, ते पचवतात. ते मारून टाका, वाळवी लाकूड खात राहते आणि उपाशी मरते. द मेलोंनी या आदिजीवांचा अभ्यास 1920 च्या आगेमागे केला. तुळईतली वाळवी, माडावरचा पक्षी, जे आजूबाजूला आहे ते काचपट्टीवर घ्यायचं आणि नीट बघायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यात संशोधनाची सुरुवात इथूनच होते. महागडं यंत्र नंतर आणता येतं.

व्यवस्थापकांनी चिठ्ठी दिली आहे. सोमवार आहे, पालखीला जायचं आहे, दहा मिनिटं उरली. बरं.

तर कार्य. या माणसाने प्रयोगशाळेतून उठून रोग्यांसाठी झगडा केला. कुष्ठरोग्यांसाठी दक्षिण गोव्यातल्या साष्टीत माकाझानला जे रुग्णालय उभं राहिलं, त्यामागे तेच. कुष्ठरोगावरची सल्फोन औषधं 1940 च्या दशकात आली, त्याआधी कडू कवठाच्या तेलावर भागवावं लागे. आपल्या मांद्र्याच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनीही कुष्ठरोगावर त्याच जातीच्या बियांचा उपचार केला होता. हा धागा मोठा आहे, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन.

राजकारण. पणजीचे ते नगराध्यक्ष होते. 1945 साली लिस्बनच्या संसदेवर अपक्ष म्हणून निवडून गेले आणि हुकूमशहा सालाझारच्या काळात वसाहतींच्या प्रजेला दुय्यम ठेवणाऱ्या कायद्याविरुद्ध बोलले. तेव्हाच्या लिस्बनमध्ये असं बोलायला किती छाती लागत असेल, याचा विचार करा. त्यांना ‘पोर्तुगीजांचा माणूस’ म्हणून एका वाक्यात निकालात काढतात, ते मला मान्य नाही.

शेवटी ब्राझील. 1950 साली रिओ द जानेरोला सूक्ष्मजीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तिथे ते गेले. पुढे तिकडेच स्थायिक झाले आणि 1955 साली साओ पावलोत वारले. गोवा मुक्त व्हायला अजून सहा वर्षं होती. पुढे 1963 साली एस्कोलाचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं, भाषा बदलली, पोर्तुगीज वाचणारे कमी झाले आणि त्यांचे पोर्तुगीज निबंध कपाटात राहिले.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी एस्कोलात शिकलं असेल, तर घरातल्या वह्या, अहवाल, काचपट्ट्यांच्या पेट्या रद्दीवाल्याला देऊ नका. वाचनालयात नोंद करा. पोर्तुगीज वाचून देणारी माणसं मी शोधून आणतो. आणि ज्या मुलामुलींना पक्ष्यांचं रक्त बघायचं आहे त्यांनी मला पालखीनंतर देवळाच्या पायरीवर गाठा, या वेळी प्रस्ताव आपण दुसरीकडे पाठवू.