पकडायचं कुठे?

(दृश्य: नौपाड्यातली बेकरी, फुगलेले मैद्याचे उंडे)

पाव फुगवतं ते यीस्ट. त्याची एकेक पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या प्रती दोन बाजूंना ओढल्या जातात. ओढणारा धागा, म्हणजे सूक्ष्मनलिका, गुणसूत्राला जिथे जोडली जाते ती जागा सेंट्रोमिअर. बैलाची वेसण नाकातच, तशी ही जागा ठरलेली. यीस्टमध्ये ती डीएनएच्या जेमतेम १२५ अक्षरांची, आणि तिला सूक्ष्मनलिकाही एकच.

यीस्टवरून इतरांचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. माणसात १७१ अक्षरांचा तुकडा हजारो वेळा लागोपाठ येतो. इतका एकसुरी, की मानवी जीनोमचा हा भाग २०२२ मध्ये कुठे सलग वाचून झाला. बरं, सेंट्रोमिअरला हा तुकडा हवाच असंही नाही! काही माणसांत सेंट्रोमिअर भलत्याच जागी तयार झालेला सापडलाय आणि तरी पेशी सुरळीत दुभंगतात. जागेची खूण असते सेन्प-ए हे प्रथिन, ज्या हिस्टोनभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांच्याच घराण्यातलं. त्याचा माग लागला तो त्वचा कडक करणाऱ्या एका आजाराच्या रुग्णांच्या रक्तातून.

(दृश्य: येऊरचं जंगल)

इथल्या भेकराच्या मादीत गुणसूत्रं फक्त ६, नरात ७. चीनमधल्या त्याच्या भावकीत ४६! पूर्वजांची गुणसूत्रं एकमेकांना जोडत गेली आणि संख्या घटली. भेकराच्या एक्स गुणसूत्रावरचा सेंट्रोमिअर तर चांगलाच लांबलचक आहे.

(दृश्य: घोडबंदर रस्ता, ओवळेकर वाडी)

आता ही फुलपाखरं. यांच्या गुणसूत्रावर सेंट्रोमिअरची एक अशी जागाच नाही. सूक्ष्मनलिका त्याला लांबीभर धरतात. किरणोत्सर्गाने गुणसूत्र तुटलं तरी तुकडे हरवत नाहीत, कारण प्रत्येकाला धरायला जागा असते. उत्तर आफ्रिकेतल्या एका निळ्या फुलपाखरात साडेचारशेच्या आसपास गुणसूत्रं आहेत, ती बहुधा यामुळेच खपली. खाडीकाठच्या लव्हाळ्याच्या कुळातही हीच तऱ्हा. नात्याचा संबंध नाही. दोघांनी ती आपापली कमावली.

फुलपाखरं आणि पतंग मात्र आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यांच्यात सेन्प-ए उरलेलंच नाही. मग धरायचं कुठे, हे कोण ठरवतं? रेशीमकिड्याच्या पेशींत त्याचं उत्तर मिळालं: जिथली जनुकं वापरात नाहीत, तिथे पकड बसते. तीच जनुकं कामाला लागली, की तिथली पकड सुटते.