436 रुपये कसले कापले? थोड्या वर्षांच्या जीवन विम्याबद्दल, बडोद्यातून

(रावपुरा, मे महिन्याची शेवटची दुपार. बँकेबाहेर उन्हात लागलेल्या स्कूटर.)

मे संपत आला की बडोद्यात दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे अंगाची लाही लाही आणि दुसरी बँकेचा एसएमएस, खात्यातून 436 रुपये वजा. त्या आठवड्यात रावपुऱ्यातल्या कुठल्याही बँकेत जाऊन उभं राहा, पासबुक हातात धरून कुणीतरी काका काउंटरवर विचारत असतातच, हे कसले कापले हो, मी तर काही घेतलंच नाही. आणि आतला माणूस मान वर न करता सांगतो, विमा आहे काका.

विमाच आहे तो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, 2015 च्या मे महिन्यात सुरू झाली, तेव्हा हप्ता 330 होता, 1 जून 2022 पासून 436 झाला. 1 जूनला चालू, पुढच्या 31 मेला बंद, बास. या एका वर्षात माणूस गेला, कुठल्याही कारणाने गेला, तर घरच्यांना 2 लाख. नाही गेला तर काहीच नाही, परत पुढच्या वर्षाचे 436. वय 18 ते 50 मध्ये शिरता येतं आणि 55 पर्यंत चालू ठेवता येतं. मधेच शिरलात तर हप्ता कमी, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर 342, डिसेंबर ते फेब्रुवारी 228, मार्च ते मे 114. पण एक खोच आहे जी काउंटरवर कुणी सांगत नाही, पहिल्यांदा नाव घातल्यावर पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात. आणि एखाद्या वर्षी खात्यात बॅलन्स नव्हता, हप्ता कापलाच गेला नाही, तर विमा बंद पडतो, आणि परत चालू केलात की ते 30 दिवसही परत पहिल्यापासून. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात खातं रिकामं ठेवू नका एवढं तर नक्की.

2 लाखात काय होतं असं विचारणारे पण भेटतात. खरंय, आजच्या खर्चात घर चालवायला 2 लाख किती दिवस पुरणार. पण 436 ला दुसरीकडे काय मिळतं तेही सांगा मग.

(नवरात्रीतलं मैदान, रात्र. गरब्याचे गोल.)

हा झाला सगळ्यात छोट्या मुदतीचा जीवन विमा, एक वर्षाचा. याच जातीचे 5 वर्षांचे, 10 वर्षांचे, 15 वर्षांचे असतात, त्यांना टर्म प्लॅन म्हणतात आणि बडोद्यात त्यावर पहिला प्रश्न ठरलेला, मराठी घरातसुद्धा गुजरातीतून येतो, पैसा पाछा केटला मळशे? मुदत संपल्यावर परत किती? शून्य. आणि इथंच लोकांचं मन उठतं, ज्या गावात सयाजीराव महाराजांनी 1908 साली बँक काढली तिथली माणसं आपण, पैसा असा सोडून द्यायचा म्हणजे जिवावर येतं. मग एजंट लगेच पैसे परतवाली पॉलिसी पुढे सरकवतो, तिचा हप्ता चांगलाच जास्त, आणि वीस वर्षांनी जे परत मिळतं ते आपलेच पैसे, महागाईनं कुरतडलेले. अहो, गरब्याचा सीझन पास घेतो आपण, नऊ रात्री नाचलो, दसऱ्याला कुणी पासचे पैसे मागायला जातं का आयोजकाकडे?

तर कामाचा प्रश्न परत किती मिळणार हा नाहीच. कामाचा प्रश्न असा की माझ्या कमाईवाचून कुणाचं अडणार आहे आणि ते कोणत्या साली अडायचं थांबणार आहे. साल सांगता आलं तर छोटी मुदत विचार करण्यासारखी. सांगता नाही आलं तर नको.

(कारेलीबाग, एका सोसायटीची गच्ची.)

समजा एक गृहस्थ आहेत, वय 47, गुजरात सरकारच्या नोकरीत. राज्य सरकारात रिटायरमेंट 58 ला. फ्लॅटचं कर्ज 58 ला संपतंय, मुलगी आठवीत आहे म्हणजे तोपर्यंत तिचंही शिक्षण होऊन ती कमवायला लागलेली असेल, पुढे बायकोला फॅमिली पेन्शन आहे. यांचं साल ठरलेलं आहे, 11 वर्षं. यांना कुणी 85 वयापर्यंतची पॉलिसी विकत असेल तर तिचा हप्ता बराच फुगलेला असणार, कारण सरळ आहे, सत्तरीनंतर माणूस जाण्याची शक्यता वाढते आणि त्या सगळ्या वर्षांचा भार आजच्याच हप्त्यात सरासरी काढून घातलेला असतो. ज्या वयात त्यांच्यावर कुणी अवलंबून नसेल त्या वयाचे पैसे आज कशाला भरायचे? यांना छोटी मुदत घ्या असं मी डोळे मिटून सांगेन.

आता याच सोसायटीत खालच्या मजल्यावर 31 वर्षांचा मुलगा, नवीन लग्न, वर्षाचं बाळ. तो म्हणतो मी पण 10 वर्षांचीच घेतो, स्वस्त पडते, पुढचं पुढे बघू. इथं मात्र थांबा. दहा वर्षांनी तो 41 चा, बाळ अकरा वर्षांचं, गरज जशीच्या तशी उभी, आणि मधल्या काळात शुगर निघाली, बीपीची गोळी लागली, तर नवीन पॉलिसीसाठी परत मेडिकल, परत प्रश्न, हप्ता चढणार आणि कधी कधी सरळ नकार येणार. दरवर्षी हप्ता भरायची लांब मुदतीची पॉलिसी असेल तर ती मधेच सोडता येते, गरज संपली की हप्ता भरू नका, विषय संपला. छोटी मात्र आपल्या मर्जीने ताणता येत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मे घोळ टळतात. तरुण वयात 25 वर्षं आणि 30 वर्षं यांच्या हप्त्यात फरकही तसा फार नसतो, दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून बघा.

आणि हे जास्त कुणाला माहीत नसतं, 1938 च्या विमा कायद्यात कलम 45 आहे, त्यात असं की पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की मग कंपनीला कुठल्याही कारणावरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र फॉर्मात काही लपवलं होतं असं दिसलं तर क्लेम अडवता येतो. आता हिशोब करा, 5 वर्षांची पॉलिसी घेतली तर त्यातली 3 वर्षं या तपासणीच्या छायेत जातात, आणि ती संपल्यावर नवीन घेतली की परत पहिल्यापासून तीन वर्षं. म्हणून छोटी मुदत घेणाऱ्यानं फॉर्म स्वतः भरायचा, एजंटभाई म्हणतो तुम्ही फक्त सही करा, बाकी हुं जोई लईश, म्हणजे मी बघून घेईन, तर नाही म्हणायचं. तंबाखू खात असाल तर खातो लिहा. हप्ता वाढेल, वाढू दे.

(अलकापुरी. व्हिसा आणि परदेशी शिक्षणाचे बोर्ड, एकावर एक.)

हे बोर्ड बघा. कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया. बडोद्यातल्या किती घरांत आज एज्युकेशन लोन चालू आहे कोण जाणे. कोर्स चालू असेपर्यंत आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, मग पुढे दहा पंधरा वर्षं फेड. यात आई किंवा वडील सहकर्जदार, रक्कम मोठी असली तर घर तारण. आणि घरात विम्याचा विषय निघाला की सगळे वडिलांकडे बघतात. पण कर्ज फेडणार कोण आहे? मुलगी, नोकरी लागल्यावर. तिलाच काही झालं, बोलायला कसंतरी वाटतं पण बोललं पाहिजे, तर कर्ज माफ होईल असं धरून चालू नका, साठीतल्या आई-वडिलांकडे वसुलीचं पत्र येतं आणि तारण घरही त्यांचंच. म्हणून इथं विमा मुलीच्या आयुष्यावर आधी हवा, कर्जाच्या मुदतीएवढा. शिकत असताना तिला कमाई नसते त्यामुळे नेहमीची टर्म पॉलिसी मिळायला अडचण येते, तेव्हा कर्जासोबत जोडलेला विमा कामाला येतो.

त्या जोडलेल्या विम्याबद्दल पण बोलूया कारण तिथं बरीच गंमत आहे. होम लोन असो की एज्युकेशन, सह्या करताना कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म असतोच आणि बोलणं असं की जणू त्याशिवाय लोन पासच होणार नाही. असा काही कायदा नाहीये. त्यांच्याचकडचा विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही, बाहेरून घेऊ शकता. बहुतेक वेळा याचा हप्ता एकरकमी असतो आणि तो कर्जातच मिसळतात, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर पण तुम्ही वीस वर्षं व्याज भरता. कव्हर कर्ज उतरेल तसं उतरत जातं. माणूस गेला तर पैसे आधी बँकेकडे, शिल्लक उरली तर घरच्यांकडे. वाईट आहे असं नाही म्हणत मी, ज्याला प्रकृतीमुळे बाहेर पॉलिसी मिळत नाही त्याच्यासाठी हा आधारच आहे, पण निदान बाहेरचं एक कोटेशन काढून मग सही करा. वैयक्तिक जीवन विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेलाय, त्यामुळे जुने आकडे डोक्यात असतील तर ते सोडून द्या.

(मकरपुरा जीआयडीसी. लेथ मशीनचा आवाज.)

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन जॉबवर्क करणारे आपले कितीतरी लोक आहेत. मशीनवर 5 वर्षांचं कर्ज, वर कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी बँकेची उधारी, आणि प्रत्येक कागदावर पर्सनल गॅरंटी, म्हणजे धंदा बुडाला तर स्वतःच्या खिशातून फेडायचं. इथं 5 ते 7 वर्षांची पॉलिसी एकदम चपखल बसते, मशीन फिटलं की विमा संपला. फक्त एक करा, लग्न झालेलं असेल तर पॉलिसी घेतानाच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, एक जास्तीचा फॉर्म भरायचा असतो, नंतर हे जोडता येत नाही. मग ते पैसे बायको-मुलांचेच, देणेकऱ्यांना त्यावर हात घालता येत नाही. पण बँकेचं कर्ज याच पैशातून फेडायचं असं तुमचं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी, कशासाठी घेतोय ते आधी नक्की करा. आणि नॉमिनी म्हणून भावाचं नाव टाकून मोकळे होऊ नका. विमा कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैशांवर हक्क त्यांचाच, भाऊ असेल तर तो फक्त पैसे घेणारा, खरे मालक वारसदार, आणि तिथून मग जे सुरू होतं ते दांडिया बाजारातल्या प्रत्येक जुन्या वाड्याला माहीत आहे.

नोकरीवाल्यांचं सांगायचं राहिलं. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय नावाचा विमा आपोआप असतो, जास्तीत जास्त 7 लाख, तुमच्या पगारातून एक पैसा न कापता, कंपनी भरते. वर कंपनीचा ग्रुप टर्म, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून एक टर्म विमा, असेल तर तोही. पण ग्रुप टर्म शेवटच्या दिवशी संपतो, राजीनाम्यानंतर दोन महिने घरी बसलात तर त्या दोन महिन्यांत तो नाही. फक्त तेवढ्या फटीसाठी वेगळी पॉलिसी शोधू नका, बऱ्याच कंपन्यांच्या टर्म पॉलिसी 5 किंवा 10 वर्षांपासूनच सुरू होतात. स्वतःची एक असली की हा प्रश्नच येत नाही.

ज्यांना तुलना करून डोकं उठतं त्यांच्यासाठी सरल जीवन विमा नावाची टर्म पॉलिसी आहे, 1 जानेवारी 2021 पासून सगळ्या कंपन्यांकडे अटी एकसारख्या, मुदत 5 ते 40 वर्षं, रक्कम 5 ते 25 लाख, पहिले 45 दिवस फक्त अपघात. हप्ता तेवढा कंपनीप्रमाणे बदलतो. आणि कुठलीही जीवन विमा पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत नापसंत असेल तर परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात.

(अहमदाबादकडे जाणारा एक्सप्रेस वे, गाडीतून.)

क्लेम नाकारला तर बरेच लोक नशीब म्हणून गप्प बसतात. आधी कंपनीला लेखी तक्रार करायची, एक महिना थांबायचं, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, बडोद्याचं काम अहमदाबादच्या ऑफिसकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो, फक्त कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. अर्जासोबत पॉलिसी, नकाराचं पत्र आणि पॉलिसी घेताना तुम्ही भरलेल्या प्रपोजल फॉर्मची कॉपी जोडायची, ती वेगळी ठेवली नसेल तर पॉलिसीच्या मागच्या पानांत बघा, बऱ्याचदा तिथंच टाचलेली असते.