मेनच्या आधी कोण येऊन गेलं?

स्क्रीनवर बघा, मेन फंक्शनच्या, म्हणजे जिथून आपला कोड सुरू होतो त्याच्या, पहिल्याच ओळीवर ब्रेकपॉइंट लावलाय आणि प्रोग्राम तिथे येऊन थांबलाय. आपली एकही ओळ अजून चाललेली नाही. तरी वरचा ग्लोबल (सगळ्या फंक्शन्सच्या बाहेर लिहिलेला) व्हेरिएबल बघा, त्यात 3600 दिसतंय. मग ते भरलं कोणी?

कोडमध्ये लिहिलं होतं 60 गुणिले 60. हा गुणाकार कंपायलरनेच (कोडची चालणारी फाईल बनवणारा प्रोग्राम) उरकला आणि उत्तर थेट एक्झिक्युटेबल फाईलच्या डॉट डेटा नावाच्या भागात लिहून टाकलं. फाईल मेमरीत आली की आकडा पण सोबत आला, त्यासाठी रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, एकही इन्स्ट्रक्शन चालवावी लागत नाही.

ज्यांची किंमत शून्यच आहे त्यांची सोय वेगळी, ते डॉट बीएसएसमध्ये जातात, म्हणजे फाईलमध्ये फक्त एवढीच नोंद की इतके बाइट्स शून्य करून द्या. करून बघा: 10 लाख इंटचा (प्रत्येकी 4 बाइट्सचा पूर्णांक) ग्लोबल अ‍ॅरे घ्या, फाईल जवळपास तेवढीच राहते. आता पहिल्या घरात फक्त 1 लिहा आणि परत बिल्ड करा... साईझ एकदम 40 लाख बाइट्सने वाढली! एका 1 पायी उरलेली 9,99,999 शून्यं पण फाईलमध्ये येऊन बसली.

इथपर्यंत सगळं कंपाइल टाइमचं, म्हणजे बिल्ड करतानाचं. सी भाषा तर इथेच थांबते, ग्लोबलला फंक्शन कॉल करून व्हॅल्यू द्यायला गेलात की सरळ एरर. सी प्लस प्लस मात्र म्हणते चालेल, आणि खरी गंमत (गंमत कसली, डोकेदुखी) तिथून सुरू होते. मग कंपायलर गुपचूप एक छोटं फंक्शन तयार करतो, लिनक्सवर त्याचा पत्ता इनिट अ‍ॅरे नावाच्या यादीत जातो आणि स्टार्टअप कोड मेनला बोलवायच्या आधी ती यादी एकेक करून चालवतो.

एका फाईलमध्ये क्रम ठरलेला असतो, वरून खाली. पण दोन वेगळ्या फाईल्समध्ये आधी कोणाचा नंबर, याची भाषा काहीच गॅरंटी देत नाही. याला स्टॅटिक इनिशियलायझेशन ऑर्डर फियास्को म्हणतात आणि मी त्यात पुरता सापडलो होतो. एका फाईलमध्ये लॉगचा (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाईलचा) पाथ, ग्लोबल स्ट्रिंग म्हणून, दुसरीत ग्लोबल लॉगर जो सुरू होतानाच तो पाथ वाचतो. कित्येक महिने मस्त चाललं. मग बिल्डमध्ये फाईल्सचा क्रम जरा बदलला आणि लॉग लिहिणंच बंद, क्रॅश नाही की एरर नाही, कारण लॉगर आधी उठला आणि पाथची स्ट्रिंग तेव्हा नुसती शून्यांनी भरलेली होती, त्याला ती रिकामी वाटली. कचरा व्हॅल्यू असती तर निदान काहीतरी फुटलं तरी असतं हो!

नेहमीचा उपाय म्हणजे ग्लोबल काढून फंक्शनच्या आत स्टॅटिक, म्हणजे एकदा बनलं की टिकून राहणारं, ठेवायचं, पहिल्यांदा कॉल होईल तेव्हाच ते तयार होतं आणि सी प्लस प्लस 11 पासून अनेक थ्रेड्स असले तरी एकदाच. रस्टने हा प्रश्न मुळातच ठेवला नाही, तिथे स्टॅटिकची (म्हणजे ग्लोबलची) व्हॅल्यू कंपाइल टाइमलाच ठरावी लागते. गो भाषा पॅकेजमधले ग्लोबल्स कोण कोणावर अवलंबून आहे ते बघून क्रम लावते.

मला मात्र सी प्लस प्लस 20 मधलं कॉन्स्टइनिट आवडतं. याने व्हेरिएबल कॉन्स्ट, म्हणजे न बदलणारा, होत नाही, नाव बघून तसं वाटतं खरं. याचा अर्थ एवढाच की सुरुवातीची व्हॅल्यू कंपाइल टाइमला ठरली नाही तर बिल्ड करू नकोस. त्या स्ट्रिंगला ते लावलं आणि लगेच एरर आली, कारण पाथ लांबलचक होता आणि त्याला हीपवर (प्रोग्राम चालताना मागून घ्यायची मेमरी) जागा लागत होती. स्ट्रिंग काढून साधा कॅरेक्टर अ‍ॅरे केला, बिल्ड झालं. मग ब्रेकपॉइंट मेनमधून उचलून लॉगरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (लॉगर तयार होताना चालणारा कोड) ठेवला. प्रोग्राम थांबला, मेन अजून लांब होतं, आणि पाथ अक्षर न् अक्षर जागेवर होता.